‘येतो’ म्हणणारा शिकारी

टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या ग्रुपमध्ये कोणाकडेही जेवण असलं की भाजीच्या आधी सुधीरचे किस्से वाढले जातात. ते आम्ही मुद्दाम साठवलेले नाहीत. घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे ते आपोआप वाढत गेलेत. काहींची झाकणं जुळत नाहीत, पण टाकवत कोणालाच नाहीत.

सुधीर वानखेडे नागपूरचा. नोकरी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. चाळिशी उलटल्यावर त्याला टेक्ससमध्ये राहून शिकारीचं वेड लागलं. मिलिंद पुण्याचा. त्याला शिकारीत रस नाही, पण सुधीर एकटा गेला तर काहीतरी चुकीचं करेल याची खात्री आहे. माझ्याकडे पिकअप ट्रक आहे, एवढीच माझी पात्रता.

*

लायसन्ससाठी सुधीरने कोर्स केला. शेवटच्या दिवशी त्याने इन्स्ट्रक्टरला विचारलं, इथलं जंगल कुठे आहे?

“कोणाचं?” इन्स्ट्रक्टरने विचारलं.

सुधीरला प्रश्नच कळला नाही. मग त्याला समजावण्यात आलं की इथली बहुतेक सगळी जमीन कोणाच्या ना कोणाच्या मालकीची आहे. हरीण मात्र सगळ्या जनतेचं. जनतेला हरीण मारायची परवानगी आहे, हरणापर्यंत चालत जायची नाही!

“म्हणजे हरीण सगळ्यांचं अन् खालचं गवत एकाचं,” सुधीर म्हणाला. “मग हरणाला उडी मारायला सांगू का?”

इन्स्ट्रक्टरने त्याला आउटफिटरचं कार्ड दिलं.

*

आउटफिटर म्हणजे शिकारीचा टूर ऑपरेटर. तो जमीनमालकांकडून जमीन भाड्याने घेतो आणि तुमच्याकडून पैसे घेऊन तुम्हाला तिथे बसवतो. आमच्या आउटफिटरचं नाव ब्रॅड. त्याने आम्हाला उंच खांबांवरच्या एका खोलीत नेलं. आत हीटर, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, कॉफी. आमच्या ऑफिसात यातला फक्त हीटर नीट चालतो.

सकाळी बरोबर सात वाजता समोरच्या यंत्राने खडखडाट करून मका उधळला आणि हरणं आली. रोजच्या मीटिंगला आमची माणसं इतक्या वेळेवर येत नाहीत.

ब्रॅडकडे रेटकार्ड होतं. जितकी मोठी शिंगं तितका मोठा आकडा. मिलिंदने एका हरणाकडे बोट दाखवून ‘हे कितीला’ म्हणून विचारलं. मग त्याच्या मागचं. मग झाडाखालचं. अर्ध्या तासात त्याने सगळ्या कळपाचे भाव काढले आणि साडीच्या दुकानातून उठतात तसा उठून ‘जरा अजून दोन ठिकाणी बघतो’ असं सांगून मोकळा झाला.

सुधीरने तर बंदूक उचललीच नाही. परत येताना गाडीत म्हणाला, “नाश्त्याला बसलेल्याला काय मारतं बे? मला पायी जायचंय, माग काढायचाय. कोणीतरी आपल्या तोंडाने ‘ये माझ्या रानात’ म्हणायला पाहिजे.”

ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. आम्ही मात्र हसलो.

*

त्यानंतर आम्ही एका छोट्या सरकारी रानात गेलो आणि तासाभरात वाट चुकलो. तेवढ्यात मिलिंदला झाडांवर जांभळे पट्टे दिसले. तो खूश झाला. आपल्याकडे किल्ल्यावर जाताना दगडांवर बाण रंगवलेले असतात, तसंच हे, असं त्याने जाहीर केलं. मग आम्ही एकही पट्टा न चुकवता चालत राहिलो.

टेक्ससमध्ये जांभळ्या पट्ट्याचा अर्थ असतो, खासगी जमीन, आत पाऊल टाकू नका.

ट्रॅक्टरवरून एक म्हातारा आला. वॉल्टर त्याचं नाव. त्याने आमच्याकडे, मग बंदुकीकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मिलिंदने मात्र त्याला किल्ल्यांवरच्या बाणांची पद्धत सविस्तर समजावली.

“म्हणजे मी जिथे जिथे ‘येऊ नका’ लिहिलं,” वॉल्टर म्हणाला, “तिथे तिथे तुम्ही आभार मानून आत आलात.”

तो पोट धरून हसला. त्याने पोलीस बोलावले नाहीत, स्वतः फाटकापर्यंत सोडायला आला. निघताना सुधीरने सवयीने हात जोडले आणि म्हणाला, “ओके सर, वुई विल कम.”

वॉल्टरचं हसू थांबलं. मी तुम्हाला बाहेर काढतोय आणि तुम्ही परत येणार म्हणून सांगताय, असं त्याने विचारलं. सुधीर ओशाळला. आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ते अशुभ असतं, म्हणून ‘येतो’ म्हणतात, असं त्याने कसंबसं सांगितलं. वॉल्टरची बायको त्याच वर्षी गेली होती. तो बराच वेळ फाटकाला धरून उभा राहिला.

महिन्याभराने सुधीर चिवड्याचा डबा घेऊन माफी मागायला गेला. वॉल्टर फाटकातच होता.

“येतो म्हणालास ना? दर शनिवारी मी एक कप कॉफी जास्त करतोय.”

*

अशी सुधीरला जमीन मिळाली. भाडं नाही, कागद नाही, नुसत्या शब्दावर. दोन सीझन तो तिथे पायी फिरला, वॉल्टरच्या कुंपणाच्या तारा ओढून दिल्या आणि एकही हरीण मारलं नाही. कधी शिंक आली, कधी चष्म्यावर वाफ.

मी आजवर आत घेतलेल्यांत हा सर्वांत चांगला शिकारी आहे, असं वॉल्टर सगळ्यांना सांगायचा. “हरणांचंही तेच मत आहे.”

*

आणि हा शेवटचा किस्सा. वॉल्टरचे गुडघे गेले. मुलीने त्याला ॲरिझोनाला बोलावलं. जमीन राखायची तर भाड्याने देणं भाग होतं, आणि भाड्याने घ्यायला आला कोण, तर ब्रॅड! करारात लिहिलं होतं की त्याच्या गिऱ्हाइकांखेरीज कोणीही आत येणार नाही.

त्या दिवशी सुधीर बेसनाचे लाडू घेऊन निरोप द्यायला गेला. गाडी मीच चालवत होतो. काही मागायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि ते तीनदा मला सांगितलं. फाटकावर ब्रॅड नवीन कुलूप लावत होता. वॉल्टर मुलीच्या गाडीत बसला होता, करार मांडीवर, पेन हातात.

सुधीरने लाडू दिले. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, “गुडबाय, सर.”

वॉल्टरने पेन खाली ठेवलं. “असं म्हणत नाहीत तुमच्यात.”

सुधीरने हात जोडले. मग अगदी हळू, मराठीत म्हणाला, “येतो.”

वॉल्टर ब्रॅडकडे वळला.

“ऐकलंस ना, तो येतोय. त्याला एक किल्ली दे, मग मी सही करतो.”