दुसरीचं मंगळसूत्र

चारचौघांत जे बोलू नये ते चारचौघांतच बोलायचं असतं, अशी आमच्या समोरच्या मावशींची ठाम समजूत आहे. दादरच्या आमच्या इमारतीत त्यांचं एकच ज्यू घर. मराठी मात्र आमच्याहून अस्सल, अलिबागकडची. नवरा ऐन तिशीत गेला, मूलबाळ नाही, आणि काम काय, तर त्यांच्यातल्या नव्या लग्नाच्या मुलींना नवराबायकोचे नियम शिकवायचे! पाळी आली की दोघांनी एकमेकांना बोटही लावायचं नाही, ठरलेले दिवस भरले की बाईने सिनेगॉगच्या हौदात पूर्ण डुबकी मारायची आणि मगच नवऱ्याजवळ जायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. आमच्याकडे हा विषय आई मुलीशीसुद्धा भिंतीकडे बघून बोलते. मावशी तो माटुंग्याच्या बाजारात गवार निवडता निवडता बोलतात, आणि भाजीवालाही ऐकत बसतो.

आमच्या सत्यनारायणाला तर त्यांनी कमाल केली. माझ्या नव्याने लग्न झालेल्या भाचीला भर पूजेत विचारलं, "नवऱ्याला महिन्यातून थोडं लांब ठेवतेस की नाही? ठेव. भुकेशिवाय जेवणाला चव नाही." गुरुजींच्या हातातली पळी सुटली. सासूबाई प्रसादाचं ताट घेऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. पाहुणे गेल्यावर मी भडकले.

"मावशी, हे बाजूला बसणं आम्ही भांडून बंद केलं, आणि तुम्ही चक्क शिकवता?"

"तू कुठे बाजूला बसायचं? तू स्वयंपाक कर, ऑफिसला जा. बाजूला बसायचं नवऱ्याने."



डुबकीच्या वेळी पाणी अंगाला सगळीकडे लागावं लागतं. म्हणून नेलपॉलिश, बांगड्या, सगळं उतरवायचं. मंगळसूत्रही, कारण त्यांच्यातही ते घालतात. ओल्या फरशीवर कुठे हरवू नये म्हणून मुलीचं मंगळसूत्र मावशी तेवढ्यापुरतं स्वतःच्या गळ्यात अडकवतात.

गेल्या महिन्यात संध्याकाळी दार उघडलं तर समोर मावशी, आणि गळ्यात काळे मणी. मी हादरलेच. त्यांचा फोन वाजत होता, त्या घेईनात, म्हणून मी घेतला. पलीकडे एका मुलीची सासू कडाडत होती, सून रिकाम्या गळ्याने घरी आली म्हणून.

"गडबडीत विसरलात होय?" मी विचारलं.

"हौदावर विसरले. येताना बसमध्ये, लालबागला आठवलं."

"मग तिथेच उतरून मागे नाही का फिरायचं?"

मावशी मणी चाचपत म्हणाल्या, "बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, मिस्टर काय करतात. मी म्हटलं, गोदीत आहेत. मग उतरवेना गं."

जगभरच्या नवऱ्यांबद्दल बोलणारी ही बाई स्वतःच्या नवऱ्याबद्दल आजवर एक शब्द बोलली नव्हती.

मंगळसूत्र परत करायला दोघींनी टॅक्सी केली. मुलीचं घर माझगावला. मावशी, ते काढून पर्समध्ये ठेवा, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मी विचारलं, "गोदीत कुठल्या खात्यात?"

आणि माझगाव येईपर्यंत मावशी सांगत राहिल्या.