पडद्याच्या तळाची ओळ

बाळांनो, फाइल उघडताना तुमच्यासमोर जी यादीची चौकट येते, ती कोणीतरी बसून लिहिलेली असते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोह्यात तशी एक चौकट मी लिहिली होती.

आम्ही तेव्हा शहरातल्या अल नस्र भागात राहायचो. तुमचे आजोबा तेल कंपनीत इंजिनियर होते आणि मी एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर. कंपनीच्या स्टोअरमध्ये साताऱ्याकडचे एक मिस्त्री होते. कंप्रेसर उचलून उचलून त्यांची पाठ गेली, म्हणून त्यांना सुट्या भागांच्या हिशेबासाठी कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं. कामगारांच्या नजमा वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहायचे. गावी दोन मुली कॉलेजात शिकत होत्या.

प्रोग्रामबरोबर तयार मिळणारी चौकट डिस्कवरच्या झाडून सगळ्या फायली दाखवायची, त्याही आठ अक्षरांच्या तुटक नावांनी. मी स्वतःची चौकट केली. तीत फक्त स्टोअरच्या फायली आणि प्रत्येकीपुढे कामाच्या साइटचं पूर्ण नाव. पडद्याच्या तळाची ओळ, जिथे इतर प्रोग्राम सूचना दाखवायचे, मी मुद्दाम रिकामी ठेवली. चौकट स्वच्छ दिसायची. मला तिचं फार कौतुक होतं.

पुढे एकाच आठवड्यात मिस्त्री भरायचे ती स्टॉकची फाइल दोनदा बिघडली. मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, और एक बार हुआ तो खलास. इनको इंडिया भेज देंगे."

मिस्त्री दाराशीच उभे होते. त्यांनी ऐकलं.

फाइलची नक्कल घेऊन मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी सगळे आकडे बिनचूक भरले, चौकटीतून फाइल निवडली आणि सेव्हचं बटण दाबलं. त्या काळची डिस्क संथ. पडदा थिजल्यासारखा झाला. मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

"मशीन जाम झालं की वैनी. अडकलेल्या मशीनचा करंट आधी तोडायचा, न्हाईतर मोटरचं वाइंडिंग जळतंय."

"दोन्ही वेळा असंच केलंत? मग मला सांगितलं का नाही?"

"सांगू काय? तुमचं मशीन जळू दिलं न्हाई, ह्ये सांगू?"

फाइल अर्धी लिहून होते न होते तोच करंट जायचा, म्हणून ती बिघडायची. माणूस आयुष्यभर जे शिकला ते चोख करत होता. मशीन काम करतंय हे सांगायची जबाबदारी माझ्या प्रोग्रामची होती आणि मी ती ओळ कोरी ठेवली होती.

त्याच दुपारी मी तळाच्या ओळीत 'प्लीज वेट' लिहून दाखवलं.

"ह्यानं काय कळणार?" ते म्हणाले. "आमचा सुपरवायझर बी रोज प्लीज वेट म्हणतो. किती झालं अन् किती ऱ्हायलं ते सांगा."

मग स्टोअरमध्ये सगळे बोलायचे त्या हिंदीत, इंग्रजी अक्षरांनी, मी ओळ लिहिली: 'लिख रहा है, ३०० में से ४०'. लिहून झालेल्या नोंदींचा आकडा पुढे सरकत जायचा. शेवटी यायचं: 'हो गया. अब बंद करो.'

शनिवारी स्टॉक भरला तेव्हा मॅनेजर मागे उभे होते. मिस्त्रींनी फाइल निवडली, बटण दाबलं. आकडा दोनशे दहावर थांबला. जरा जास्तच वेळ. मिस्त्रींचा हात स्विचकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर परत आला. आकडा हलला. 'हो गया' आलं.

मॅनेजरांनी फाइल पुन्हा उघडायला लावली. सगळे आकडे जागेवर होते. "ठीक है," ते मिस्त्रींना म्हणाले. "दूसरे स्टोअरवालों को भी आप ही सिखाना."

ते गेल्यावर मिस्त्रींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "वैनी, एक ऱ्हायलंय. यादीत काल उघडलेली फाइल सगळ्यात वर दिसू दे. मी रोज तीच हुडकत बसतो."

मी वही उघडली आणि लिहून घेतलं.