तेहतीस भोकांचं वाण

नवी वस्तू निघाली की हरखणारी माणसं ढिगानं सापडतील. पण वस्तू बंद झाली की ज्यांच्या अंगात वारं शिरतं, असे गृहस्थ अंबरनाथपासून कर्जतपर्यंत एकच आहेत आणि ते माझे थोरले साडू आहेत. बंद म्हणजे बिघडलेली नव्हे, कंपनीनं बनवायची सोडून दिलेली. या दोन अर्थांची गल्लत त्यांच्यासमोर करू नये, अर्धा तास जातो. त्यांची स्कूटर बंद झालेली, दाढीचं यंत्र बंद झालेलं, आणि ज्या कंपनीच्या छत्रीचा ते अभिमान बाळगतात ती कंपनीच आता नाही. सगळ्या वस्तू मात्र ठणठणीत चालू. "चालू कंपनीची वस्तू कोणीपण वापरेल रे," ते मला सांगतात, "त्यात आपली काय मेहनत?"

त्यांच्या या वेडाचा मुकुटमणी म्हणजे त्यांचा टॅब. तो आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, अधिक महिन्यात दिलेला. धोंड्याच्या जेवणाला आम्हां दोघा जावयांना कुळगावच्या घरी बोलावणं होतं. आप्पा म्हणाले, वाण तुम्हीच पसंत करा. पण सासूबाईंची अट होती: अधिकाचं वाण जाळीदार हवं, अनारशासारखं, तेहतीस भोकांचं असेल तर फारच चांगलं. मी मनगटी घड्याळ मागितलं आणि पट्ट्याला पाच भोकं आहेत असं सांगून सुटलो. साडू असे सुटणारे नव्हेत. ते भिंग घेऊन दुकानं पालथी घालत हिंडले आणि स्पीकरची भोकं मोजत बसले. शेवटी एक टॅब मिळाला: डावीकडे सोळा, उजवीकडे सोळा आणि माइकचं एक. त्यांनी जेवणाच्या पानावरच ती भोकं सुईनं दाखवायला घेतली, तेव्हा आप्पा म्हणाले, "जावईबापू, आता गप्प बसा आणि जेवा. धोंडे निवतायत." सासूबाई तूप वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, बोलू द्या त्यांना." हा संवाद त्या घरात इतका मुरलेला होता की आम्ही हसायचंही विसरलो होतो.

वर्षभरातच एका सकाळी साडूंचा फोन आला. मी दात घासत होतो.

"बंद झाला रे! आपला टॅब बंद झाला!"

"अरेरे," मी फेस सावरत म्हणालो, "काल तर चालू होता."

"चालूच आहे! कंपनीनं बंद केला! कव्हर बंद, पेन बंद, अपडेट बंद, सगळं बंद!" मुलगा बोर्डात आला तरी माणूस एवढ्या आनंदानं ओरडत नाही.

इथवर सगळी गंमत होती. मग आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आयुष्यभर बाजारसमितीत आणि घरात खणखणीत बोललेला माणूस पाटीवर खडूनं 'पाणी' लिहून दाखवू लागला. पण सासूबाईंची नजर अधू, त्यांना पाटीवरचं दिसेना. आप्पा लिहून पाटी वाजवायचे, त्या स्वयंपाकघरातून "काय म्हणताय?" विचारायच्या, आणि मग दोघंही गप्प व्हायची. आठ दिवस साडूंनी हे पाहिलं आणि टॅब आप्पांच्या मांडीवर ठेवला. पेननं लिहायचं, की टॅब ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. तेहतीस भोकांतून आप्पा बोलायला लागले. दोन महिने बोलले. मग बोलणाऱ्या अ‍ॅपनं कळवलं की तुमची सिस्टीम फार जुनी झाली, आता आमचं जमायचं नाही. घर पुन्हा गप्प झालं.

दुसरा कोणी खचला असता. साडूंच्या अंगात मात्र दहा हत्तींचं बळ आलं. जुनी सिस्टीम काढून नवी बसवायची, आणि ती अशी हवी की आप्पांचं पेनही ओळखेल आणि मराठीही बोलेल. आमचे साडू दर रविवारी कुळगावातल्या वधूवर सूचक मंडळात बसतात. मंडळाचे उरलेले छापील फॉर्म त्यांच्याकडे गठ्ठ्यानं पडलेले. नवरा मुलगा एकच: टॅब. वधू म्हणून त्यांनी एकेका सिस्टीमचा फॉर्म भरला. मी डोळ्यांनी वाचलाय. 'स्वभाव: मनमिळाऊ, मधूनच अडून बसते.' 'अपेक्षा: जास्त मेमरीचं स्थळ.' कंपनीच्या मूळ सिस्टीमपुढे लिहिलेलं, 'माहेरचं कोणी उरलं नाही.' लिनक्स नावाची सिस्टीम बसवली त्या दिवशी ते अंबरनाथला शिवमंदिराजवळ माझ्या घरी धापा टाकत आले. "देखणी आहे रे! कामाला वाघ! खाणं तर काहीच नाही, बॅटरी दिवसभर पुरते! पण नणंदेशी पटत नाही."

"नणंद कोण?"

"पेन!" ते माझ्या अज्ञानावर चिडले. "आणि मराठी बोलते ती अशी, की आप्पांनी 'भाकरी' लिहिलं तर ही 'बकरी' म्हणाली. आई घाबरल्या ना!"

पेनचंही निराळंच प्रकरण होतं. त्याचं टोक झिजलेलं, आणि तसली टोकं बनणं बंद. साडू मला घेऊन उल्हासनगरला गेले. तिथल्या सिंधी दुकानदारानं टॅब उलटासुलटा पाहिला आणि कळवळून म्हणाला, "साईं, कंपनीने छोड दिया इसको. आप भी छोड दो ना."

"कंपनीने छोडा होगा," साडू छाती काढून म्हणाले, "हमने नहीं छोडा."

तो इतका खूष झाला की त्यानं आम्हांला चहा पाजला आणि शेजारच्या जीन्सवाल्याकडे पाठवलं. त्या कारागिरानं टॅबला जीन्सचं कव्हर शिवून दिलं, पितळी रिबिटांचं, मागे खिसा आणि वर चक्क पट्टा ओवायच्या लुप्प्या. पेनचं टोक शेवटी बदलापुरात शेतीच्या सामानाच्या दुकानात सापडलं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी! ती इंचभर कापून, घासून साडूंनी पेनात बसवली. आप्पांनी लिहून पाहिलं आणि अंगठा वर केला. साडूंनी तिथेच उडी मारली. त्यांचं वय बावन्न आहे.

मी शहाणा माणूस. मी सरळ नवाकोरा टॅब घेऊन गेलो. जुना टॅब फक्त पेनचंच ऐकायचा; यावर आप्पांचा थरथरणारा तळहात टेकला तरी रेघोट्या उमटत. 'जेवलो' लिहायला घेतलं की मांजराचं चित्र व्हायचं. आप्पांनी तो टॅब दोन्ही हातांनी मला परत दिला, पाटी घेतली आणि खडूनं लिहिलं, 'राग नको.' मला फार लाज वाटली.

तीन वर्षं झाली, पुन्हा अधिक महिना आला. पुन्हा दोन पाट, दोन जावई. आप्पांची प्रकृती उतरलेली होती, पण ते टेकून बसले होते, मांडीवर जीन्समधला टॅब. साडूंनी आदल्याच दिवशी अकरावी सिस्टीम बसवली होती, कुठल्याशा हौशी मंडळींनी घरी बसून बनवलेली. पानं वाढली तरी यांचं चालूच. "नणंदेशी पटलं! मराठी शुद्ध! छत्तीस गुण जुळले बघ! आप्पा, लिहा तुम्ही, काहीपण लिहा, आता हिची चाचणी..."

आप्पा लिहू लागले. खूप वेळ लागला. मग टॅबमधून सपाट, बातम्या वाचल्यासारखा आवाज आला.

"जावईबापू, आता गप्प बसा आणि जेवा. धोंडे निवतायत."

आणि तूप वाढता वाढता, मान वर न करता, सासूबाई म्हणाल्या, "अहो, बोलू द्या त्यांना."

म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तुपाची वाटी तशीच हातात राहिली. आप्पा हसत होते, त्या हसण्याला आवाज नव्हता. साडू मात्र उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसले, खाली मान घालून धोंड्याचे तुकडे करत राहिले, आणि त्यांच्या पानातलं तूप पातळ झालं ते नुसतं आमटीनं नव्हे.

आप्पांना जाऊन आता दोन महिने झाले. टॅब साडूंकडे परत आलाय. चालू आहे. त्यात आप्पांनी लिहिलेलं सगळं साठलंय, पण ते अजून त्यांनी उघडलेलं नाही.

परवा कपाट आवरताना मला माझं वाण सापडलं, ते घड्याळ. कधी थांबलं ते मला माहीतही नव्हतं. पट्टा नेमका भोकांपाशी तुटलेला. मी ते घेऊन बदलापूरला साडूंच्या घरी गेलो आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळ पालथं केलं, मागचे बारीक आकडे वाचले. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसली.

"काय रे," त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "कंपनीनं बंद केलंय ना हे?"