आतल्या बाजूची कडी

आमच्या चष्मेवाल्याची खोड काढायची तर एक सोपी युक्ती होती. दुकानातून निघताना दारात थांबून नुसतं म्हणायचं, "बरंय, येतो." तो डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढा स्क्रू बसवत असायचा. तो शब्द कानावर पडला की स्क्रू उडालाच म्हणून समजा. मग टेबलाखाली वाकून शोधता शोधता ओरडायचा, "नीट सांग की! जातोयस का येतोयस?"

"अरे, सगळं जग असंच बोलतं."

"जगाला नंबर लागलाय."

गल्लीत तर मी उठवून दिलं होतं की बायको 'माहेरी जाऊन येते' म्हणते आणि खरंच परत येते, त्याचा हा धसका. असलं काही मला फार चटकन सुचतं. खरं कारण गेल्या महिन्यात कळलं आणि पहिल्यांदाच एक बातमी माझ्या पोटात आठवडाभर टिकली.

त्याचा थोरला भाऊ अकरा वर्षांपूर्वी जंगलातल्या वाटेवर गेला. दगडखाणीच्या मागून ती वाट निघते. दोन तास दाट झाडीतून ओढ्याच्या कडेनं, मग हातापायांवर चढायचे खडक, आणि वर एकदम उघडी शेतं. जंगल संपतं तिथे उंच लोखंडी गजांचं फाटक आणि दोन्हीकडे काटेरी तार. फाटकाची कडी शेताच्या बाजूला, म्हणजे आतून. दिवसभर ते नुसतं लोटलेलं असतं. वर पाटी: 'शेवटच्याने कडी लावावी.' नाहीतर गाई जंगलात शिरतात.

दोघे भाऊ दर महिन्याला ती वाट चालायचे. त्या दिवशी थोरल्याचा गुडघा दुखत होता. "ओढ्यावरूनच परत फिरला, 'मी घरी जातो' म्हणाला," असं धाकट्यानं, म्हणजे चष्मेवाल्यानं, सगळ्यांना सांगितलं. थोरला तिसऱ्या दिवशी घळीत सापडला. गुडघ्यानं दगा दिला, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो.

आता वरची शेतं विकली गेली आणि वाट बंद होणार असं कळलं. त्याबरोबर वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, फर्मान काढलं, "मला ती वाट एकदा चालायचीय."

चष्मेवाल्यानं नाना कारणं काढली. खडक आहेत, जळवा आहेत, तुमचं वय.

"माझं वय मला ठाऊक आहे, भावजी. तुम्ही बूट घाला."

वहिनी गणिताच्या बाई. चाळीस वर्षं पोरांनी शेजारच्या वहीतून उतरवलेली उत्तरं पकडण्यात गेली. त्यांच्यापुढे कोण बोलणार? चष्मेवाल्यानं मला आधाराला घेतलं.

चढताना वहिनी पुढे, मधे तो, शेवटी मी, धापा टाकत. आडव्या फांद्या तो हातानं धरून ठेवी, मागच्याच्या तोंडावर बसू नयेत म्हणून. चांगली सवय. पण मी खालून निघून गेलो तरी तो फांदी धरून उभाच.

"सोड की. माझ्यामागे कोण आहे?"

"हं," म्हणाला, आणि आणखी दोन श्वास थांबून त्यानं फांदी सोडली.

मी सहज मागे पाहिलं. भर सकाळची वेळ, ऊन पानांतून गळत होतं, वाटेवर कुणी नव्हतं. तरी पुढच्या फांदीला मी मुद्दाम त्याच्या पुढे घुसलो. मागे राहायची माझी छाती नव्हती. वहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरलात? दुकानात तर फार जीभ चालते."

ओढ्याशी आम्ही पाणी प्यायलो. वहिनींनी विचारलं, "इथून परत फिरले ना ते?" तो मान हलवून बाटलीचं झाकण लावत बसला. झाकणाचे आटे काही बसेनात.

फाटकाशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. शेतात चिटपाखरू नाही. आम्ही तिघं आत आलो, आणि चष्मेवाला एकदम थांबला. कान मागे, जंगलाकडे.

"काय ऐकताय?"

"काही नाही."

वहिनींनी तारेपलीकडे बोट केलं. कुंपणाला लागूनच घळ होती. "तिथे सापडले ना? मग मला एवढंच सांगा, ओढ्यावरून घरी निघालेला माणूस तासभर चढून इथे वर कसा पोचला? अकरा वर्षं मांडतेय मी हे. जमत नाही."

तो पाटीकडे वळला. मग म्हणाला, "इथवर आला होता. फाटकाबाहेर, त्या दगडावर बसला, आणि म्हणाला, 'येतो.' मला वाटलं, निरोप घेतोय. सकाळपासून परत जायचं चाललं होतं त्याचं. मी म्हटलं, बरं. आणि मीच शेवटचा, म्हणून कडी लावली."

मला वाटलं, वहिनी आता रडतील. त्या गणिताच्याच आवाजात म्हणाल्या, "सव्वीस वर्षांच्या संसारात ते निघताना एकदाही 'येतो' म्हणाले नाहीत. चपला घालायचे आणि चालू लागायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची."

एवढं बोलून त्या फाटकातून पुन्हा जंगलाच्या बाजूला गेल्या.

"लावा कडी."

"वहिनी, नको."

"लावा, भावजी."

त्यानं लावली. वहिनींनी गजांतून हात घातला, खांद्यापर्यंत. गाल लोखंडावर दाबला. बोटं कडीपासून वीतभर दूर राहिली. पुन्हा ताणून पाहिलं. मग त्यांनी डावीकडे मान वळवली, तार जिथे घळीच्या काठानं जाते तिकडे. थोरल्यानंही याच जागेवरून तिकडे पाहिलं असणार.

"हाक मारली असेल ना त्यांनी?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यभर कुठल्याही शांततेत काहीतरी फाजील बोललेला माणूस. त्या वेळी मात्र पाटीवरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत उभा होतो.

"मी गात चाललो होतो, वहिनी," तो म्हणाला. "मोठ्यानं."

वहिनींनी हात बाहेर घेतला नाही. तोही जागचा हलला नाही. शेवटी कडी मीच काढली.