दलदलीतल्या माणसाच्या बरगड्या

आई गेली त्याच वर्षी बाबा पुण्याहून माझ्याकडे सिंगापूरला राहायला आले. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती, त्यातली बरीच वर्षं शवविच्छेदनात. मरीन परेडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मात्र ते दिवसभर बाल्कनीत बसून असायचे. चहा विचारला तर "चालेल" म्हणायचे, फिरायला विचारलं तर "नको."

मी तेव्हा इथल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करत होते. विषय पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा काळा थर. उत्तर युरोपातल्या अशा थरांत दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं सापडतात, कातडी, केस, नखांसकट. तिकडच्या एका संशोधिकेने मला अशाच एका पुरुषाचे स्कॅन आणि फोटो पाठवले होते. त्याच्या बरगड्या मोडलेल्या होत्या आणि मरण्यापूर्वी त्याला मारहाण झाली असावी, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटत नव्हतं. दलदलीतल्या आम्लाने हाडातला चुना निघून जातो, हाड मऊ पडतं आणि वरच्या थराच्या वजनाने चेपतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण हाडं वाचणं हे माझं काम नव्हतं.

एका रविवारी मी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला.

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

"दलदलीत सापडला. दोन हजार वर्षं झाली असतील."

त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. चहा गार झाला तरी ते हलले नाहीत.

"याला मारहाण नाही झालेली," अखेर ते म्हणाले. "ताजं हाड मोडलं की कड धारदार राहते. ही बरगडी आधी वाकलीय, मग फाटलीय. आणि सगळ्या एकाच बाजूला दबल्यात. बुक्क्या अशा शिस्तीत बसत नाहीत."

"मी हेच म्हणत होते, बाबा."

"थांब. गळा दाखव." गळ्यावरच्या दोरीच्या खुणेपाशी ते बराच वेळ थांबले. "हे मात्र जिवंतपणीचं. खाली रक्त साकळल्यासारखं दिसतंय. तिला हेही सांग. आपल्याला सोयीचं तेवढंच सांगायचं नाही."

त्या संशोधिकेशी व्हिडिओ कॉल ठरला, त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी आम्लाचं सांगितलं, ते कडांबद्दल बोलले, कोर्टात साक्ष द्यायचे त्याच सावकाश, स्वच्छ इंग्रजीत. तिने अवघड प्रश्न विचारले. एकदा बाबा सरळ म्हणाले, "ते मला माहीत नाही." मला त्यांचा फार अभिमान वाटला. शेवटी तिने बरगड्या पुन्हा तपासायचं कबूल केलं. पुढे तिच्या लेखात मारहाणीचा उल्लेख आला नाही. गळ्याची खूण राहिली आणि आमचे आभारही होते.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "त्याला कुणी तरी शोधलं असेल का गं? बायकोने वगैरे?"

"माहीत नाही, बाबा."

"असेलच," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच आईबद्दल बोलू लागले. तिच्या आजारपणाबद्दल नाही. लग्नानंतर ती पहिल्यांदा दवाखान्याच्या क्वार्टर्सवर आली आणि शवागार इतकं जवळ बघून दोन दिवस जेवली नाही, त्याबद्दल. सांगता सांगता ते हसले. मीही हसले.

पुण्याला परतल्यावर ते एका मेडिकल कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवायला जाऊ लागले. फोनवर आता मुलांच्या चुका रंगवून सांगतात आणि मला मध्ये बोलू देत नाहीत.