थाटीपुरातली गळकी टाकी

नोकरीत असताना बरीच प्रकरणं हाताळली, त्यातली बहुतेक निवृत्तीबरोबर मागे पडली. थाटीपुरातली ती दुपार मात्र अजून पाठ सोडत नाही. संबंधित माणसं आजही याच शहरात राहतात, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

मी त्या वेळी ग्वाल्हेरमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस. दुपारी ठाणं जरा निवांत असतं. सकाळच्या आरोपींना कोर्टात नेलेलं असतं, गस्तीची माणसं परतलेली असतात आणि ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी कूलरसमोर रोजनामचा लिहीत बसलेले असतात. अशा वेळी कंट्रोल रूमचा फोन आला. थाटीपुरात एका घराच्या मागच्या अंगणात स्फोट झाला होता. एक माणूस गंभीर भाजला होता.

आम्ही पोचलो तेव्हा जखमीला रुग्णालयात नेलं होतं. अंगणात तेल-रबर जळल्याचा वास होता. भिंत एका बाजूने काळी पडली होती. मोटारसायकलची पत्र्याची पेट्रोलटाकी फाटून, पाकळ्यांसारखी उघडून पडली होती. जवळच उलटलेला स्टोव्ह होता. टाकी नसलेली जुनी मोटारसायकल थोडी दूर स्टँडवर उभी होती.

घर दोन भावांचं. दक्षिणेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेलं जुनं मराठी कुटुंब. पूर्वज शिलेदार, आताची पिढी नोकरीधंद्यात. थोरला वीज खात्यात कारकून, पत्नीसह खाली राहायचा. धाकटा अविवाहित, वरच्या मजल्यावर. त्याचं टोपी बाजारात कपड्यांचं छोटं दुकान होतं. भाजला होता तो थोरला. मोटारसायकल धाकट्याची, खरं तर त्यांच्या वडिलांची, पण चालवायचा तो.

संध्याकाळी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहब, ये हादसा नहीं है. छोटे भाई को देखिए. साल भर से दोनों में बोलचाल बंद है. सुबह वो बोतल में पेट्रोल निकाल रहा था, मैंने खुद देखा."

निनावी फोनवर मी कधी आंधळा विश्वास ठेवला नाही, पण कधी तो टाकूनही दिला नाही. असा माणूस दहा गोष्टी आपल्या मनाच्या सांगतो, पण एखादी डोळ्यांनी पाहिलेली असते. ती कोणती, हे शोधायचं असतं.

आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. त्यात धाकटा भाऊ दुपारी टमटममधून उतरून घराकडे जाताना दिसला. थोड्याच वेळात तो भराभर परत जाताना दिसला. त्यानंतर काही मिनिटांत गल्लीतली माणसं धावू लागली. टोपी बाजारातल्या शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "खाना खाने घर गए थे, पर जल्दी लौट आए. मुँह उतरा हुआ था." आणि पहिल्या जबाबात धाकट्याने लिहून दिलं होतं की तो सकाळपासून दुकानातच होता.

खोटा जबाब, जुना वैरभाव, पेट्रोलची बाटली आणि घटनेच्या ऐन वेळी हजेरी. माझ्या उपनिरीक्षकाने तर अटकेची तयारीच केली. मी त्याला थांबवलं. जखमी जिवंत होता, शुद्धीवर आला तर बोलणार होता, आणि प्रयोगशाळेचं पथक अजून अंगण तपासत होतं.

धाकट्याला रोज चौकशीला बोलावत होतो. तो जळीत विभागाच्या बाहेरच्या बाकावरून उठून यायचा आणि सुटला की तिथेच परत जायचा. कपडे चुरगळलेले, दाढी वाढलेली. मी हिंदीत विचारायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा.

"घटना के समय कहाँ थे?"

"दुकान पर."

"कैमरे में तो आप गली में दिख रहे हैं."

त्याने मान खाली घातली.

"बोतल में पेट्रोल क्यों निकाला?"

"टाकी गळते... टंकी लीक करती है. नीचे बोतल लगाता था."

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. न मागितलेला तपशील देतो, साक्षीदारांची नावं सांगतो, शपथा घेतो. हा माणूस काहीच देत नव्हता. स्वतःला वाचवायची त्याला घाई दिसत नव्हती. मला ते खटकत होतं.

भांडणाचं कारण मला थोरल्याच्या पत्नीकडून कळलं. मी तिला रुग्णालयात भेटलो. सगळी गल्ली घराच्या वाटणीवर बोट ठेवत होती, पण तिने मान हलवली.

"वाटणीचं काही नाही हो. सासरे गेले तेव्हा भाऊजी माल आणायला सुरतेला गेले होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याला पन्नास माणसांसमोर हे त्यांना म्हणाले, 'बाबा शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते, तू कुठे होतास?' बस. तेव्हापासून भाऊजी वर गेले ते गेलेच. हे रोज म्हणायचे, मी बोलायला नको होतं. पण जाऊन सांगतील तर शपथ!"

"त्या दिवशी ते मोटारसायकलला हात का लावत होते?"

"मला काही माहिती नाही. सुट्टी घेतली होती. सकाळी माझ्याकडे खडू मागितला, एवढंच." मग तिला आठवलं. "आदल्या दिवशी मी कुरकुर केली होती. तुळशीपाशी मी दिवा लावते आणि तिथेच पेट्रोल ठिबकतं. भाऊजींनी बाटली लावली होती, पण वास जात नव्हता. म्हटलं, एखाद्या दिवशी चालवता चालवता पेट घेईल ती गाडी. हे काही बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या तपासनीस बाईंनी मला अंगणात बोलावलं. फाटलेली टाकी त्यांनी कापडावर उलटी ठेवली होती.

"इथे पाहा," त्या म्हणाल्या. टाकीच्या तळाशी, मागच्या बाजूला, जिथे दोन पत्रे जोडलेले असतात तिथे गंज होता. तेवढ्याच भागावर खडूची पांढरी भुकटी चोळली होती आणि एका जागेभोवती पेन्सिलीने गोल काढला होता.

"पेट्रोल झिरपलं की खडू तिथे ओला दिसतो. गळती नेमकी कुठून आहे ते असं शोधतात. आणि ही जागा पाहा. पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली आहे, आणि वर कथलाचा डाग अर्धवट पसरलाय." भांड्याला भोक पडलं की कथील वितळवून ते बुजवतात, तोच हा डाग.

त्या घासलेल्या जागेच्या कडेला साबणाचा थर दिसत होता. माझी स्वतःची पहिली मोटारसायकल अशीच गळायची, त्यामुळे ते मला ओळखता आलं. तात्पुरती गळती थांबवायला लोक तिथे साबण चोळतात. धाकट्याने चोळला असणार, आणि थोरल्याने तो खरवडून काढला होता.

"आणि टाकीतलं पेट्रोल?"

बाईंनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. तुळशीवृंदावनाच्या मागे सावलीत डबा आणि बाटली ठेवलेली होती. दोन्हींची झाकणं घट्ट होती. काहीच जळलं नव्हतं.

"त्यांनी सगळी काळजी घेतली होती," त्या म्हणाल्या. "टाकी काढली, रिकामी केली, पेट्रोल दूर नेऊन ठेवलं. त्यांना वाटलं असेल, आता काय धोका? पण टाकी आतून धुवायची राहिली. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ भरलेली असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त वाईट. डाग द्यायला स्टोव्हवर तापवलेली लोखंडी सळई टेकवली की संपलं."

कुणी पेट्रोल ओतलं नव्हतं, कुणी आग लावली नव्हती. वर्षभर न बोललेला एक माणूस भावाला न सांगता त्याची गाडी दुरुस्त करत होता.

त्याच दुपारी थोरला गेला. त्याला शुद्ध आलीच नाही. आमच्याकडे ज्याला मर्ग म्हणतात, ती अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, अंत्यसंस्कार झाले. तेरावं होईपर्यंत मी घरच्यांना बोलावलं नाही. मग धाकट्याचा खरा जबाब घेणं भाग होतं. डोक्यावरचे केस काढलेले, खांद्यावर गमछा, असा तो माझ्यासमोर बसला.

या वेळी मी मराठीत बोललो. त्याने मान वर करून पाहिलं. मी मराठी आहे हे बहुधा त्याला माहीत नव्हतं. मी त्याला टाकीचे फोटो दाखवले. खडू दाखवला, पेन्सिलीचा गोल दाखवला, अर्धवट डाग दाखवला. काय घडलं ते सावकाश, जसं बाईंनी मला समजावलं तसं समजावलं.

तो फोटोकडे बघतच राहिला. मग त्याने विचारलं, "दुरुस्त करत होता?"

"हो."

"माझ्यासाठी?"

त्याने फोटो खाली ठेवला आणि मग तो बोलू लागला. आम्ही त्याला किती दिवस खोदून विचारत होतो, आणि आता शब्द आपोआप येत होते.

"मी गेलो होतो साहेब. जेवायला गेलो होतो. अंगणाच्या फाटकातूनच दिसलं. दादा अंगणात बसला होता, समोर माझी टाकी, बाजूला स्टोव्ह. मला वाटलं, गाडी मोडतोय. बाबांची गाडी माझ्याकडे आहे याचा राग काढतोय. म्हटलं, करू दे. एक शब्द बोललो नाही. मागे वळलो आणि निघालो."

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझा भाऊ माझी गाडी जाळायला निघाला होता म्हणून? तो तिथे मरायला टेकलाय आणि मी असं बोलू?" त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "मिस्त्रीने मला बजावलं होतं साहेब. टंकी के पास आग मत लाना, खाली हो तब भी नहीं. रिकामी टाकीही पेटते, हे मला माहीत होतं. दादाला माहीत नव्हतं. मी नुसतं 'दादा, काय करतोयस' एवढं म्हटलं असतं..."

मुन्शीजींनी लिहिणं थांबवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

जबाबावर सही केल्यावर त्याने मला विचारलं, "हे वहिनीला कळेल का?"

"कागद आहे, प्रकरणात राहील. कुणी दाखवेलच असं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

ती बाहेरच बसली होती, तिचाही जबाब घ्यायचा होता. ती आत आली आणि मी काही म्हणायच्या आधी त्याने उभ्याउभ्याच तिला सगळं सांगून टाकलं. फाटक, टाकी, मागे वळणं, मिस्त्रीचं बजावणं. काही लपवलं नाही. मला वाटलं ती ओरडेल, त्याला बोल लावेल. ठाण्यात असे प्रसंग मी खूप पाहिले होते आणि म्हणून महिला शिपायाला जवळ उभं केलं होतं.

तिने फक्त विचारलं, "त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं का?"

"पाहिलं," तो म्हणाला. "मान वर केली. आणि हसला, वहिनी. मला वाटलं, माझ्यावर हसतोय."

तिने पदर तोंडाशी नेला. खुर्ची होती तरी ती तिथेच जमिनीवर बसली, आणि तो तिच्याशेजारी बसला.

घातपात नसल्याचा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठवला आणि प्रकरण बंद झालं. फोन करणारा शेजारी होता, हे मला नंतर कळलं. त्याच्यावर मी चिडलो नाही. त्याने बाटली खरंच पाहिली होती, आणि दोन भावांचा अबोला तर सगळ्या गल्लीला माहीत होता.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. वैराला साक्षीदार भरपूर मिळतात. भांडण मोठ्या आवाजात होतं, शेजारी ऐकतात, नातेवाईक लक्षात ठेवतात, आणि तपास अधिकाऱ्यालाही ते आधी सापडतं. माया मात्र गुपचूप काम करते. एक दिवसाची रजा टाकते, बायकोलाही सांगत नाही. त्यानंतर कुठल्याही तपासात मी दोन माणसांमधल्या भांडणाइतकाच त्यांच्यातल्या जिव्हाळ्याचाही माग काढत गेलो. काही वेळा त्यामुळे निर्दोष माणूस सुटला, याचं समाधान आहे.

पण त्या दोघा भावांच्या बाबतीत मी फक्त सत्य शोधू शकलो, आणि ते सत्य धाकट्याला खुनाच्या संशयापेक्षा जड गेलं. संशय मी एका अहवालाने दूर केला. त्याच्या भावाचं ते हसू कशासाठी होतं, हे मात्र त्याला माझ्यासमोर बसल्यावर कळलं, आणि उत्तर द्यायला समोर भाऊ उरला नव्हता.