टॅबात अडकलेलं पाचवं कडवं

थांबा, हातातलं काम बाजूले ठेवा, मले हे आत्ताच सांगायचं आहे. लग्नाले चार दिवस होऊन गेले, मी अकोल्याहून अमरावतीले परत आली, राजापेठच्या आमच्या घरी बसून हे टाइप करून राहिली, आणि अजूनही त्या टॅबकडं नजर गेली की मूठ आपोआप वळते. टाइप फोनवर करून राहिली. टॅबवर केलं असतं तर हे वाक्य उद्या सकाळी उमटलं असतं.

टॅब जुना आहे, हे मी आधीच कबूल करते. शाळा घरून चालायची तेव्हा बाबांनी घेतलेला. एक कोपरा फुटला आहे, तिथं चिकटपट्टी लावली आहे. पण मी ज्या स्पीडनं बोटं आपटते त्या स्पीडनं तो मुकाट्यानं लिहायचा. माह्या सगळ्या कविता, गाण्याच्या क्लासच्या बंदिशी, किराण्याच्या याद्या, सगळं त्याच्यात. आणि मंगलाष्टकं. आमच्या नात्यात कोणाचंही लग्न असलं की मंगलाष्टकं मी लिहिते आणि मीच म्हणते. दोन्हीकडच्या माणसांची नावं चालीत बसवायची असतात. म्हातारे लोक मांडवात बाकी काही ऐकत नाहीत, पण आपलं नाव आलं का, हे कान देऊन ऐकतात. एखाद्याचं राहिलं की तो माणूस वर्षभर तेच सांगते.

हे लग्न माह्या मामेबहिणीचं, ताईचं होतं. मामा अकोल्याले जठारपेठेत राहते. त्याचा सख्खा मोठा भाऊ, म्हणजे माह्ये मोठे मामा, ताईचे मोठेबाबा, गावाकडं शेती पाहतात. दोघांच्या वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. ती एका उन्हाळ्यात कोणीतरी तोडली. कोणी तोडली यावरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. माह्यी आई दोघांची एकुलती बहीण. राखीले एक बस गावची, एक बस अकोल्याची, असं तिचं चालते.

लग्नाच्या दोन दिवस आधी ताईचा फोन आला. हळू आवाजात बोलून राहिली होती.

"चार कडवी झाली ना तुह्यी? एक अजून कर. मोठ्या बाबांचं नाव बाबांच्या नावाले लागून टाक. एकाच ओळीत. कोणाले सांगू नको."

"मामाले आवडलं नाही तर?"

"अंतरपाट धरल्यावर कोण भांडते? दोघायलेही गुमान ऐकावं लागन. मोठेबाबा येतो म्हणाले, पण जेवणार नाही म्हणाले. एवढं ऐकलं तर बसतील पंगतीत."

म्हणजे ताईनं अख्खा समेट माह्या एका कडव्यावर ठेवला होता. मी अमरावती-अकोला बसमध्ये बडनेरा सुटल्यापासून लिहायले घेतलं. मामाचं नाव तीन अक्षरी, मोठ्या मामाचं पाच. ते दोन्ही एका ओळीत, चालीत, कोणाचं आधी आणि कोणाचं मागं असं टोचणार नाही अशा बेतानं बसवायचं. पन्नासदा खोडलं. मूर्तिजापूर आलं तेव्हा बसलं. असं चपखल बसलं की मी खिडकीबाहेर पाहत हसून राहिली होती, शेजारच्या बाईनं पर्स जवळ ओढली. ते कडवं त्या टॅबात होतं, आणि जगात दुसरीकडं कुठंच नव्हतं.

आता माह्यी चूक सांगते. त्या टॅबवर महिनाभरापासून नोटीस येत होती, नवीन अपडेट आलं आहे. मी रोज "नंतर" दाबत होती, कारण घरी आमचं नेट फोनचं, दिवसाचा डेटा बाबांच्या बातम्यांत आणि माह्या क्लासमध्ये संपून जाते. मामाच्या घरी चहा पिऊन राहिलो होतो तेव्हा मामा म्हणाला, "भाचीबाई, आपलं वायफाय लय जोरात आहे. काय पाह्यचं ते पाहून घ्या." आणि माह्या वऱ्हाडी डोक्यात आलं की फुकटचं नेट आहे तर करून घेऊ. नोटीसमध्ये लिहिलं होतं की टॅब आधीपेक्षा वेगवान होईल. मी दाबलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मंगलाष्टकं आत असताना, मी दाबलं.

पाऊण तासानं टॅब सुरू झाला. दिसायले लय सुंदर. चित्रं गोल झाली, रंग बदलले, घड्याळ मोठं झालं. मी लिखाणाचं अ‍ॅप उघडलं. पांढरा पडदा. मधात एक गोल फिरून राहिला. मी मागं गेली, परत उघडलं. परत गोल. एक कोरं पान कसंबसं उघडलं, त्याच्यावर मी "मंगल" टाइप केलं. म उमटला. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. तेव्हा बाकीचं उमटून राहिलं होतं. जो टॅब माह्या बोटांच्या पुढं पळायचा, त्याले आता एक अक्षर उचलून ठेवायले जोर लागून राहिला होता.

मग सुरू झाले सल्ले. लग्नघर म्हटल्यावर सल्ल्यांले काय तोटा. एक काकू म्हणाल्या, गरम झाला असन, फ्रीजवर ठेव. ताईचे एक काका म्हणाले, बंद करून चालू कर, मी टीव्हीले तसंच करतो. बंद करून चालू केला. चालू व्हायले वीस मिनिटं. आई मेंदीचा कोन हातात धरून उभी होती, ती एवढंच म्हणाली, "वही नव्हती काय घरात?"

मी टॅब पदराखाली घेऊन जठारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदार आईच्या वयाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी दोन बटणं दाबली, वाट पाहिली, परत दाबली.

"अपडेट मारलं काय?"

"हो. परत आधीसारखं करता येते का?"

"नाई येत, ताई. चढवता येते, उतरवता येत नाही."

"मग जुन्या टॅबले पाठवतातच काहून?"

"सगळ्यायलेच पाठवतात. झेपते का नाही, हे कोण विचारते? सगळं पुसून कोरा केला तर थोडा पळन."

"आणि आत जे लिहिलं आहे ते?"

"ते जाईन ना." मग त्यांनी काचेच्या कपाटाकडं पाहिलं. "नवा दाखवू काय?"

मले रडायले आलं, पण रागाचं. माह्यी वस्तू, माह्यं लिखाण, आणि कुठल्यातरी दूरच्या ऑफिसातल्या माणसानं मले न विचारता तिचे पाय बांधून टाकले. विचारलं होतं म्हणा. पण वेगवान होईल असं सांगून विचारलं होतं.

पहिली चार कडवी मले पाठ होती. पाचवं आठवून परत लिहायले बसली, तर पहिली ओळ आली आणि दुसरी, नावांची, येईचना. मी नुसती दोन नावं हातात धरून बसली. काहीही केलं तरी एक नाव पुढं आणि एक मागं पडत होतं.

सकाळी मंगल कार्यालयात साडी नेसता नेसता टॅब परत चालू केला आणि खुर्चीवर ठेवून दिला. केसात गजरा माळून झाला तेव्हा वळून पाहिलं, तर उघडलं होतं. पाचही कडवी. मले एवढा आनंद झाला की मी टॅब छातीशी धरला. पडदा बंद होऊ नये म्हणून दर मिनिटाले बोट लावत राहिली. फोन माह्या कमरेले खोचलेला होता. पडद्याचा एक फोटो काढायचं, नाही तर ती ओळ पाठ करायचं माह्या डोक्यात आलं नाही. हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही, तुमालेच सांगते.

मोठे मामा अकराले आले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडते, तसे ते वाकले. मी मागं सरकली तर म्हणाले, "पडू द्या. मंगलाष्टकं तुमीच म्हणून राहिल्या म्हणे?"

"हो मामा. शेवटचं लक्ष देऊन ऐकजा."

असं मी बोलून गेली. नसती बोलली तर बरं झालं असतं. ते मागच्या रांगेत बसणार होते, ते उठून तिसऱ्या रांगेत आले.

अंतरपाट धरला. टॅब माइकच्या स्टँडवर. पहिलं कडवं, सावधान, अक्षता. दुसरं, तिसरं, चौथं. मामाचं कन्यादानाचं धोतर दिसून राहिलं होतं, तिसऱ्या रांगेत टोपी दिसून राहिली होती. मी पान वर सरकवलं. हललं नाही. परत सरकवलं. नाही. भटजी घड्याळ पाहून हळूच म्हणाले, "पुढचं घ्या, मुहूर्त चालला." मी पाचव्याची पहिली ओळ पाठ म्हणायले लागली आणि तिसऱ्यांदा बोट फिरवलं. तेव्हा टॅबले मागचे तिन्ही हुकूम एकदम आठवले. पान पाचव्यावरून उडून थेट किराण्याच्या यादीवर गेलं. माह्यापुढं साबुदाणा, हिंग, कपड्याचा साबण.

मी थांबली. किती वेळ, मोजलं नाही. पण मंगलाष्टकात थांबलं की लोकांले वाटते झालं. मागून कोणीतरी अक्षता फेकल्या. एकानं फेकल्या की सगळे फेकतात. बँडवाल्यानं अक्षता पाहिल्या आणि ढोल वाजवला. अंतरपाट खाली. ताईनं हार घालायच्या आधी नवऱ्याकडं नाही, माह्याकडं पाहिलं.

पंगत बसली तेव्हा मोठे मामा चपला शोधून राहिले होते. मी टॅब घेऊन धावत गेली. "मामा, दोन मिनिटं. तुमाले दाखवायचं आहे." गोल फिरून राहिला. ते उभे राहिले. तेवढ्यात मामा बाहेर आला, मोठ्या भावाकडं न पाहता मले विचारलं, "काय पाहून राहिल्या?"

"पाचवं कडवं. उघडून राहिलं."

मामानं चष्मा लावला. दोघं माह्या दोन बाजूले, मधात गोल. मग मोठे मामा टॅबकडं पाहतच म्हणाले, "इथं वायफाय नसन."

मामा म्हणाला, "वायफायनंच तर केलं."

दोन वर्षांत एवढंच बोलणं. रस्त्यावर गावच्या गाडीनं हॉर्न दिला, बाकीचे बसले होते. मोठे मामा म्हणाले, "येतो, भाचीबाई," आणि न जेवता गेले. गाडी चौकात वळली नसन, आणि पान उघडलं. मामानं ती ओळ उभ्यानं वाचली. वाचता वाचता बोट टेकलं, पान उडालं. म्हणाला, "परत आणा ते." आणायले लय वेळ लागला. तो उभा राहिला.

घरी सगळे म्हणतात, जाऊ दे, बोलले तर खरं. टॅबच्या कृपेनं उभे तर राहिले शेजारी. मले हे ऐकलं की अजून चीड येते. कृपा कसली? जे मांडवात दहा सेकंदांत झालं असतं, ते चपलांच्या ढिगाजवळ अर्धवट झालं. मी परवा मोठ्या मामाले फोन लावला, कडवं वहीत उतरवून घेतलं होतं, वाचायले सुरुवात केली. त्यांनी पहिली ओळ ऐकून घेतली. मग म्हणाले, "राहू द्या, भाचीबाई. लोकायसमोर झालं असतं तर गोष्ट वेगळी होती."

ते खरं बोलले, म्हणून मी वही मिटली. ताईनंही अजून फोनवर तो विषय काढला नाही, मीही नाही. वही आईच्या कपाटात आहे. आई म्हणते, पुढच्या राखीले दोघायले एका घरी बोलावते, मग म्हण. बसतील का, कोणाले माहीत.

आज सकाळी टॅबवर परत नोटीस आली आहे, आणखी एक अपडेट, आणखी वेगवान. मी टॅब उपडा ठेवला आहे. तुमच्यासोबत झालं काय असं? ज्या घडीले एक ओळ वेळेवर हाती यायले पाहिजे होती, त्याच घडीले समोर नुसता गोल फिरत राहिला, आणि ज्यानं ऐकायचं तो निघून गेला? झालं असन तर सांगजा. मी फोनवर वाचीन.